विद्यापीठांचा बाजार आणि रसिकांची शिरगणती

२०२३ सालच्या ऑगस्टची ४ तारीख. त्या एका दिवसात अमेरिकेच्या पश्चिमेकडील पाच विद्यापीठांनी १९१५ पासून चालत आलेल्या आपल्या क्रीडामंडळाचा त्याग केला. ओरेगॉन आणि वॉशिंग्टन यांनी बिग टेन या मध्य-पश्चिमेतील मंडळाचा रस्ता धरला. ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट आणि युटा ही विद्यापीठे बिग ट्वेल्व्हमध्ये गेली. कोलोरॅडो आठवडाभर आधीच निघून गेले होते. लॉस एंजेलिसमधील दोन विद्यापीठांनी तर २०२२ सालच्या जूनमध्येच आपली बोळवण बिग टेनकडे करून घेतली होती. सप्टेंबर उजाडताच स्टॅनफर्ड आणि बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठ हीही गेली, आणि गेली ती अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये. पॅसिफिकच्या काठावरची विद्यापीठे अटलांटिक किनाऱ्याच्या मंडळात! बारांपैकी मागे उरली दोन : ओरेगॉन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट. एक कॉर्व्हॅलिसला, दुसरे पुलमनच्या गव्हाच्या टेकड्यांत. त्यांचा अपराध एवढाच की ती लहान गावांत वसली आहेत.

महाराष्ट्रातील वाचकाला या घटनेचे गांभीर्य एकदम जाणवणे कठीण आहे. विद्यापीठांतील खेळ म्हटले की त्याच्या डोळ्यांसमोर रोहिंटन बारिया करंडकाचे सामने येतात, आणि त्या सामन्यांना खेळाडूंचे मित्र आणि दोन-चार निवड समितीचे सभासद यांच्यापलीकडे फारसे कोणी फिरकत नाही. अमेरिकेत विद्यापीठांचा फुटबॉल ही निराळीच चीज आहे. मिशिगन विद्यापीठाच्या मैदानात एक लाख सात हजारांहून अधिक माणसे बसतात. शनिवारच्या सामन्यासाठी सगळा परगणा लोटतो. ज्यांनी त्या विद्यापीठाची पायरी कधी चढलेली नाही असे शेतकरी, गिरणी-कामगार, दुकानदारही त्या संघाला ‘आपला’ म्हणतात. आणि हे म्हणणे अगदीच निराधार नाही. १८६२ सालच्या मॉरिल कायद्याने सरकारी जमिनीच्या उत्पन्नातून सामान्य जनांच्या मुलांसाठी जी शेतकी व यांत्रिकी शिक्षणाची विद्यापीठे उभी राहिली, त्यांपैकीच ओरेगॉन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट ही दोन आहेत. ही विद्यापीठे लोकांच्या पैशातून झाली. तेव्हा त्यांच्या संघावर लोकांचा काही हक्क आहे असे लोकांना वाटले, तर त्यात भाबडेपणा कोणता?

‘कॉन्फरन्स’ या शब्दामागेही मुळात हीच कल्पना होती. शेजारच्या राज्यांतील, आगगाडीने रात्रीत पोहोचता येईल अशा अंतरावरील विद्यापीठांनी परस्परांत दरवर्षी सामने खेळावेत, पात्रतेचे नियम एकत्र बसून ठरवावेत, आणि त्यातून शेजाऱ्याशी शेजाऱ्याची असते तशी गोड भांडणाची परंपरा निर्माण व्हावी. आज बिग टेनमध्ये अठरा विद्यापीठे आहेत आणि बिग ट्वेल्व्हमध्ये सोळा. निदान अंकगणित तरी या विद्यापीठांत अजून शिकवले जात असावे, अशी आशा आहे.

हे सारे एकाएकी घडलेले नाही. त्याची तारीख सांगता येते : २७ जून १९८४. तोवर विद्यापीठांच्या फुटबॉलचे प्रक्षेपण राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेच्या, म्हणजे एनसीएएच्या, हाती होते. कोणताही संघ दोन वर्षांत सहापेक्षा अधिक वेळा दूरचित्रवाणीवर दिसू नये असा तिचा दंडक होता. १९८१ सालची एक गोष्ट त्या खटल्याच्या कागदपत्रांत नमूद आहे. ओक्लाहोमा आणि साउदर्न कॅलिफोर्निया या अग्रगण्य संघांचा सामना दोनशेहून अधिक केंद्रांवरून दाखवला गेला. त्याच शनिवार-रविवारात सिटाडेल आणि ॲपलाचियन स्टेट या छोट्या संस्थांचा सामना अवघ्या चार केंद्रांवरून दिसला. आणि चारही संघांना मिळालेले पैसे सारखे होते! ओक्लाहोमा आणि जॉर्जिया या बड्या विद्यापीठांना हा अन्याय वाटला. ती न्यायालयात गेली आणि सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी एनसीएएची योजना मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग म्हणून रद्द केली. विरोधी मत देणाऱ्या दोघांपैकी एक होते न्यायमूर्ती बायरन व्हाइट. ते स्वतः कोलोरॅडो विद्यापीठाचे एके काळचे गाजलेले फुटबॉलपटू. शिक्षणसंस्थांच्या खेळाला निव्वळ व्यापाराच्या मापाने मोजू नका, असे त्यांच्या म्हणण्याचे सार होते. खेळलेला माणूस अल्पमतात आणि न खेळलेले बहुमतात, हाही एक योगायोगच म्हणायचा.

अर्थात १९८४ पूर्वीच्या व्यवस्थेला सुवर्णयुग म्हणून मिरवण्याचे कारण नाही. एनसीएएने पैसे सारखे वाटले ते संस्थांमध्ये. ज्यांच्या हाडांवर तो खेळ उभा होता त्या खेळाडूंना त्यातला एक सेंटही मिळत नव्हता. शेजारधर्माच्या गोष्टी सांगणारी दक्षिणेतील मंडळे कित्येक दशके केवळ गोऱ्यांची होती. साउथईस्टर्न कॉन्फरन्सच्या फुटबॉल सामन्यात पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, केंटकी विद्यापीठाचा नेट नॉर्दिंग्टन, मैदानात उतरला तो १९६७ साली. तेव्हा प्रश्न जुने दिवस परत आणण्याचा नाही. सार्वजनिक संस्थांमधील एक सामायिक व्यवस्था, सदोष का असेना, मोडली गेली. तिच्या जागी अधिक न्याय्य अशी सामायिक व्यवस्था न येता बळी तो कान पिळी हा कायदा आला. प्रश्न आहे तो हा.

पुढची वाटचाल ठरल्याप्रमाणेच झाली. प्रक्षेपणाचे हक्क बड्यांनी आपल्या संघटनेमार्फत एकत्र विकले. त्यातूनही नोट्र डेम फुटून निघाले आणि १९९१ पासून त्याने एनबीसी या एकट्या वाहिनीशी संसार थाटला. १९१४ साली स्थापन झालेली साउथवेस्ट कॉन्फरन्स, जिचा जीव बव्हंशी टेक्सासमध्ये होता, १९९६ साली संपली. तिच्यातली चार विद्यापीठे मध्य-पश्चिमेतील आठांना जाऊन मिळाली. राइस, ह्यूस्टन, टेक्सास ख्रिश्चन आणि सदर्न मेथडिस्ट या चौघांना वाऱ्यावर सोडण्यात आले.

यानंतर आला तो या कहाणीतला सर्वांत मासलेवाईक अध्याय. ३० ऑगस्ट २००७ रोजी बिग टेनने स्वतःचीच वाहिनी काढली. हिचे उत्पन्न मुख्यतः केबलच्या वर्गणीतून यायचे, आणि त्याचा हिशेब असा : मंडळाचा सभासद ज्या राज्यात आहे त्या राज्यातील प्रत्येक केबलधारक घरामागे महिन्याला सुमारे एक डॉलर, राज्याबाहेरील घरामागे मात्र काही सेंट. या एका फरकात पुढील सात-आठ वर्षांचा सगळा इतिहास दडलेला आहे. कारण त्या घरात सामना पाहिला जातो की नाही, हे कोणी विचारतच नव्हते. घर केबलच्या जाळ्यात असले म्हणजे झाले! न्यू जर्सीत नवऱ्याच्या माघारी एकटी राहणारी, संध्याकाळी बातम्या आणि एखादी मालिका पाहून निजणारी म्हातारी असो, की काल मेक्सिकोहून आलेला, आपल्याच भाषेतली वाहिनी लावणारा मजूर असो. दोघांच्या बिलातून बिग टेनचा डॉलर वळता होई. भारतातल्या जुन्या राजवटींनी अनेक चमत्कारिक कर बसवले, परंतु ज्या खेळाशी प्रजेचा संबंध नाही त्यावर घरपट्टी बसवण्याची कल्पकता त्यांच्यापाशी नव्हती.

या हिशेबानेच २०१२ च्या नोव्हेंबरात बिग टेनने मेरीलँड आणि रटगर्स यांना निमंत्रण दिले. वॉशिंग्टन-बाल्टिमोर आणि न्यूयॉर्क ही देशातील बडी दूरचित्रवाणी-क्षेत्रे त्यांच्या दाराशी होती. न्यूयॉर्क हे विद्यापीठीय फुटबॉलचे गाव नव्हे, हे तिथले शेंबडे पोरही सांगेल. लोकसंख्येच्या मानाने या खेळाचे वेड दक्षिणेत आणि मैदानी राज्यांत जितके आहे त्याच्या पासंगालाही न्यूयॉर्क पुरत नाही. परंतु इतकी घरे! टक्केवारी थोडी असली तरी गुणाकार मोठा होतो, आणि केबलच्या राज्यात तर टक्केवारीही लागत नव्हती. १८६९ साली देशातील पहिला आंतरमहाविद्यालयीन फुटबॉल सामना ज्या रटगर्सने प्रिन्स्टनविरुद्ध खेळला, त्या रटगर्सची किंमत अशा रीतीने त्याच्या खेळावरून, इतिहासावरून किंवा विद्वत्तेवरून ठरली नाही. ती ठरली त्याच्या आसपासच्या छपरांच्या संख्येवरून.

मेरीलँडची गोष्ट अधिक करुण आहे. अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सचे हे १९५३ पासूनचे संस्थापक सभासद. २०१२ साली क्रीडाविभागाच्या तिजोरीत खडखडाट झाला म्हणून त्याने सात संघ बंद केले, पोहणाऱ्या आणि धावणाऱ्या मुलामुलींना घरी पाठवले, आणि त्याच वर्षाच्या शेवटी अधिक पैशासाठी साठ वर्षांचे घर सोडले. निघताना जुन्या मंडळाने दंड मागितला. दावे-प्रतिदावे झाले आणि अखेर तीन कोटी डॉलरांहून अधिक रक्कम सोडून तडजोड झाली. रटगर्सच्या क्रीडाविभागाची तूट तर नव्या मंडळात गेल्यावरही विद्यार्थ्यांच्या शुल्कातून आणि विद्यापीठाच्या सामान्य निधीतून भरावी लागली. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, हे फक्त आपल्या गावगाड्यातच घडते असे नाही.

पण घरे मोजण्याच्या या धंद्याला त्याच्या पायाखालच्या जमिनीनेच दगा दिला. लोक केबल तोडू लागले. ईएसपीएन ही क्रीडावाहिनी २०११ च्या सुमारास जवळजवळ दहा कोटी घरांत होती. पुढील बारा वर्षांत त्यातली एक चतुर्थांशाहून अधिक घरे गळाली. न पाहणाऱ्याकडून वसुली करण्याचा मार्ग अरुंद झाला, तसा प्रक्षेपण कंपन्यांना एकाएकी रसिकांच्या प्रेमाचा साक्षात्कार झाला. आता छपरे नकोत, डोळे हवेत. कोणत्या दोन संघांचा सामना चाळीस लाख लोक बसून पाहतील, एवढाच सवाल. २०२१ साली टेक्सास आणि ओक्लाहोमा यांनी साउथईस्टर्न कॉन्फरन्सकडे जाण्याचे जाहीर केले. २०२२ च्या ऑगस्टात फॉक्स, सीबीएस आणि एनबीसी या तीन कंपन्यांनी बिग टेनशी सात वर्षांचा जो करार केला त्याचा आकडा सात अब्ज डॉलरांच्या पुढे असल्याचे प्रसिद्ध झाले. पॅसिफिकच्या मंडळापुढे मात्र शेवटी उरला तो ॲपल कंपनीचा, वर्गणीदारांच्या संख्येवर हेलकावे खाणारा एक प्रस्ताव. तो वाचून मंडळी पांगली.

या बदलाचे समर्थन करणारे मोठ्या दिमाखाने सांगतात की हाच खरा लोकशाही न्याय आहे. पूर्वी न पाहणाऱ्यावर कर होता. आता पाहणाऱ्याच्या आवडीला मान आहे. रसिकांना मोठे सामने हवेत, ते त्यांना मिळत आहेत. मग तक्रार कसली?

तक्रार ही की रसिकाची आवड आणि रसिकाची बाजारातली किंमत या दोन गोष्टींची गल्लत येथे जाणूनबुजून केली जाते. ईएसपीएनचा एक साप्ताहिक कार्यक्रम दर शनिवारी देशातील निरनिराळ्या मैदानांवरून प्रसृत होतो. २००३ सालच्या ऑक्टोबरपासून त्या प्रत्येक कार्यक्रमात, कॅमेऱ्याच्या मागे जमलेल्या गर्दीत, वॉशिंग्टन स्टेटचा एक किरमिजी झेंडा फडकताना दिसतो. सामना कोणाचाही असो. त्या विद्यापीठाचे माजी विद्यार्थी आणि चाहते हाताहाती करून, स्वखर्चाने, कधी हजारो मैलांवर तो झेंडा पोहोचवतात. वीस वर्षांत खंड पडलेला नाही. रसिकांची निष्ठा मोजायची झाली तर याहून सरस माप कोणते? आणि हा पुरावा कंपनीच्याच पडद्यावर, कंपनीच्याच कॅमेऱ्याने, आठवड्याच्या आठवड्याला टिपलेला आहे. परंतु निष्ठेला भाव नाही. भाव आहे तो डोक्यांना, आणि पुलमनमध्ये डोकी थोडी. बाजाराच्या तराजूत एका उत्कट चाहत्याचे वजन एका उदास चाहत्याएवढेच भरते. घरे मोजणारा कारकून गेला आणि डोकी मोजणारा आला. विद्यापीठाकडे पाहण्याची दोघांची नजर सारखीच.

शिवाय ‘रसिकांना हवे’ हे तरी कोणत्या रसिकांना? ओक्लाहोमा आणि ओक्लाहोमा स्टेट हे १९१० पासून दरवर्षी एकमेकांशी खेळत आले. २०२३ नंतर तो सामना थांबला. टेक्सास आणि टेक्सास ए अँड एम यांची १८९४ पासूनची लढत २०११ नंतर तब्बल बारा मोसम बंद पडली. या काळात त्या राज्यातल्या किती घरांत भावाभावांचे शनिवारचे वाद मुके झाले असतील! यांपैकी एकही सामना बंद करावा असे कोणा रसिकाने म्हटले नव्हते. त्यांना कोणी विचारलेही नव्हते. निर्णय झाले ते कुलगुरूंच्या दूरध्वनींवर आणि वकिलांच्या कचेऱ्यांत. सार्वजनिक विद्यापीठांच्या नियामक मंडळांपुढे ते आले ते बहुधा शिक्का मारण्यापुरते.

एक अपवाद नोंदवण्याजोगा आहे. लॉस एंजेलिसचे आणि बर्कलीचे अशी दोन्ही विद्यापीठे एकाच कॅलिफोर्निया विद्यापीठ-व्यवस्थेची लेकरे. एकाने जाऊन दुसऱ्याचे नुकसान केले, तेव्हा त्यांच्या सामायिक विश्वस्तांनी २०२२ च्या डिसेंबरात अट घातली : जायचे तर जा, परंतु विद्यार्थ्यांच्या आहाराची, मानसिक आरोग्याची, अभ्यासाची वाढीव सोय करा, आणि थोरल्या भावंडाला दरवर्षी वीस लाख ते एक कोटी डॉलरच्या दरम्यान भरपाई द्या. वृत्तपत्रांनी या रकमेला पोटगी म्हणून चिडवले. चिडवोत बापडी! सार्वजनिक संस्थेच्या लाभावर दुसऱ्या सार्वजनिक संस्थेचा हक्क पोहोचतो, हे तत्त्व या सगळ्या धुमाळीत फक्त तेथे उच्चारले गेले. वॉशिंग्टन आणि ओरेगॉन या राज्यांतही प्रत्येकी दोन-दोन सरकारी विद्यापीठे होती. तेथे असे कोणी काही म्हटले नाही. तेथल्या मागे उरलेल्या दोघांना मंडळाची तिजोरी आपल्या हाती ठेवण्यासाठी न्यायालयातच जावे लागले, आणि ती लढाई त्यांनी जिंकली, एवढेच समाधान. तरीही २०२५ साली वॉशिंग्टन स्टेटने मैदानी खेळांतील उड्या, फेकी आणि छोट्या शर्यती बंद करून फक्त लांब पल्ल्याच्या शर्यती ठेवल्या. प्रक्षेपणाचा पैसा आटला की त्याची झळ आधी कोणाला लागते, याचे हे उदाहरण.

आता प्रवासाचे पाहा. लॉस एंजेलिस ते न्यू जर्सी हे अंतर जवळजवळ चार हजार किलोमीटर आहे, म्हणजे मुंबईहून विमानाने गुवाहाटीला जाऊन परत येण्याएवढे, आणि तेही एकाच बाजूचे. घड्याळात तीन तासांचा फरक. फुटबॉलचा संघ आठवड्यातून एकदा खेळतो आणि खास विमानाने जातो. त्याचे एक वेळ चालेल. परंतु मंडळ बदलले ते साऱ्या खेळांचे. व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉल, सॉकर खेळणाऱ्या मुली, ज्यांच्या सामन्यांसाठी कोणतीही कंपनी अब्ज सोडाच, हजारही मोजत नाही, त्या आता आठवड्याच्या मधल्या दिवशी खंड ओलांडतात, आणि सकाळी आठच्या तासाला हजर राहावे अशी त्यांच्याकडून अपेक्षा असते. फुटबॉलच्या पैशावर बाकीचे खेळ जगतात, हे उत्तर येथे ठरलेले आहे. ते काही अंशी खरेही आहे. पण मग बाकीच्या खेळांना त्यांच्या जुन्या, जवळच्या मंडळांत ठेवून केवळ फुटबॉल दूर न्यायला कोणाची हरकत होती? तसा पर्याय मांडला गेला होता; तो मानवला नाही, इतकेच.

ज्यांना हा सगळा खटाटोप ‘विद्यार्थी-खेळाडू’ म्हणून संबोधतो, त्या शब्दाचा जन्मही मुद्दाम आठवण्यासारखा आहे. १९५५ साली कोलोरॅडोतील एका महाविद्यालयाचा रे डेनिसन हा खेळाडू सामन्यातील दुखापतीने मरण पावला. त्याच्या पत्नीने कामगार-भरपाई मागितली. १९५७ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. याच काळात एनसीएएचे कार्यकारी संचालक वॉल्टर बायर्स यांनी ‘विद्यार्थी-खेळाडू’ हा शब्दप्रयोग रूढ केला, तो खेळाडूला नोकर ठरवले जाऊ नये म्हणून. पुढे १९९५ साली लिहिलेल्या पुस्तकात स्वतः बायर्स यांनीच त्याची कबुली दिली. शब्द घडवणारा त्याबद्दल खंत करून गेला. शब्द मात्र अजून राबतो आहे.

अलीकडे खेळाडूंना पैसे मिळू लागले, हे खरे. ६ जून २०२५ रोजी मंजूर झालेल्या न्यायालयीन तडजोडीने जुन्या खेळाडूंना सुमारे २८० कोटी डॉलर द्यावयाचे ठरले आणि विद्यापीठांना पहिल्या वर्षी प्रत्येकी दोन कोटी डॉलरांच्या आसपास रक्कम खेळाडूंत वाटण्याची मुभा मिळाली. ही प्रगती नाकारण्याचे कारण नाही. परंतु ही मुभा आहे, वेतन नव्हे. वाटायचे किती याची कमाल मर्यादा आहे. त्या मर्यादेसंबंधी खेळाडूंच्या निवडलेल्या प्रतिनिधींशी वाटाघाट झालेली नाही, कारण त्यांची युनियनच नाही. नॉर्थवेस्टर्नच्या फुटबॉलपटूंनी २०१४ साली युनियनची मागणी केली, तेव्हा श्रमसंबंध मंडळाने पुढच्या वर्षी हा विषयच हाताळायला नकार दिला. डार्टमथच्या बास्केटबॉलपटूंनी २०२४ च्या मार्चमध्ये तेरा विरुद्ध दोन मतांनी युनियनच्या बाजूने कौल दिला. वर्ष संपता संपता त्यांना अर्ज मागे घ्यावा लागला. प्रशिक्षकांना मात्र अशी अडचण येत नाही. टेक्सास ए अँड एम या सरकारी विद्यापीठाने २०२३ साली आपल्या प्रशिक्षकाला काम *न* करण्यासाठी साडेसात कोटी डॉलरांहून अधिक रक्कम देणे पत्करले.

भारतीय वाचकाने याकडे परक्याचे दुखणे म्हणून पाहू नये. १९९५ साली भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेटच्या प्रक्षेपणाचा खटला निकालात काढताना ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असे सांगितले. अमेरिकेच्या न्यायालयाने खुल्या स्पर्धेचा कैवार घेतला, भारताच्या न्यायालयाने लोकांच्या मालकीचा. तरी २०२२ साली इंडियन प्रीमियर लीगचे पाच वर्षांचे हक्क ४८,३९० कोटी रुपयांना गेले, आणि त्या मालमत्तेचे धनी म्हणवणाऱ्या लोकांना मिळाली ती वर्गणीची पावती. फरक इतकाच की भारतात निदान संघ उघडउघड धनिकांचे आहेत. त्यांनी अजून विद्यापीठाचा झगा पांघरलेला नाही.

२०२४ साली अंतिम बाद-फेरीच्या उत्पन्नाची जी नवी वाटणी ठरली, तीत बिग टेन आणि साउथईस्टर्न यांना प्रत्येकी सुमारे २९ टक्के मिळायचे आहेत. म्हणजे पहिल्या श्रेणीतील सव्वाशेहून अधिक विद्यापीठांपैकी ३४ जणांच्या पदरात निम्म्याहून जास्त. हे बदलायचे तर काय करावे लागेल, हे अगदीच अज्ञात नाही. प्रक्षेपणाचे हक्क पुन्हा एकत्र विकून उत्पन्नाचा मोठा वाटा समान वाटायला कायद्याने मोकळीक द्यावी. व्यावसायिक लीगना १९६१ च्या कायद्याने एकत्र विक्रीची सवलत अमेरिकन काँग्रेसने दिलेलीच आहे. त्या बदल्यात खेळाडूंना कामगार म्हणून मान्यता आणि सामुदायिक सौद्याचा हक्क द्यावा, म्हणजे १९८४ पूर्वीची चूक पुन्हा घडणार नाही. फुटबॉलखेरीजचे खेळ जवळच्या शेजाऱ्यांत खेळवावेत. आणि सरकारी विद्यापीठाने मंडळ बदलायचे झाल्यास कॅलिफोर्नियाच्या विश्वस्तांप्रमाणे उघड बैठकीत, मागे उरणाऱ्यांची बाजू ऐकून, अटींसह ठरवावे.

वारे मात्र उलट वाहत आहे. २०२५ साली बिग टेनपुढे प्रस्ताव आला तो मंडळाच्या भावी उत्पन्नातील हिस्सा सुमारे २४० कोटी डॉलरांना एका गुंतवणूकदाराला देण्याचा. मिशिगन आणि साउदर्न कॅलिफोर्निया यांनी हात आखडता घेतल्यामुळे तो अडला. तो गुंतवणूकदार होता कॅलिफोर्निया विद्यापीठाच्याच कर्मचाऱ्यांचा निवृत्तिनिधी सांभाळणारी संस्था. बर्कलीचे मैदान झाडणाऱ्या सफाई कामगाराचे म्हातारपण बर्कलीला मागे टाकून गेलेल्या मंडळाच्या नफ्याशी बांधण्याचा बेत होता तो.